‘डिस्क वाकली’ म्हणण्याआधी

चाळीसगावहून कन्नडला जाताना गाडी घाट चढते आणि येताना उतरते, यात सांगण्यासारखं काही नाही असं वाटेल. पण खानदेशातल्या गाड्यांच्या ब्रेकची बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २१० मीटरवर, धुळे अडीचशेच्या आसपास. छत्रपती संभाजीनगर मात्र ५७० मीटरच्या घरात, नाशिक आणि इंदूरही जवळपास तेवढ्याच उंचीवर. म्हणजे सुरतेची दिशा सोडली तर तापीच्या खोऱ्यातल्या माणसाला बाहेर पडताना चढावं लागतं आणि घरी परतताना उतरावं लागतं. कन्नडचा औट्रम घाट, फर्दापूरच्या वरचा अजिंठ्याचा घाट, सेंधव्याकडून येताना बिजासन, धुळ्याच्या तोंडाशी लळिंग. परतीच्या वाटेवर डिकी भरलेली, मंडळी पेंगलेली, घर जवळ आलेलं, आणि चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर.

मग काही महिन्यांनी तक्रार येते. हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगात हलकासा ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थरथरतं. पॅडल पायाखाली धडधडतं. ब्रेक सोडला की सगळं शांत. गॅरेजमध्ये निदान तयारच असतं: ‘भाऊ, डिस्क वाकली.’ नवी डिस्क, नवे पॅड, हजारोंचं बिल. गाडी लोण्यासारखी चालू लागते, आणि सहा-आठ हजार किलोमीटरनंतर तीच धडधड परत. मग दोष डिस्कच्या कंपनीला, ड्युप्लिकेट मालाला, नाहीतर जळगावच्या उन्हाला.

उन्हाला आधी निर्दोष सोडून देऊ. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो हे खरं, पण घाटात सतत दाबून धरलेल्या ब्रेकची डिस्क ३०० अंशांच्या पुढे सहज जाते. तिला भोवतालची हवा ३० अंशांची आहे की ४५ ची, याचं फारसं सोयरसुतक नसतं. हिशेबच मांडू. माणसं-सामानासकट गाडीचं वजन १५०० किलो धरा. शंभरच्या वेगातली ही गाडी एकदा पूर्ण थांबवायची तर ब्रेकला सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. हीच गाडी घाटात ३०० मीटर खाली उतरली तर सुमारे ४४ लाख ज्यूल मोकळे होतात, म्हणजे शंभरवरून साडेसात वेळा करकचून थांबण्याएवढे. यातलं काम इंजिनाकडे दिलं नाही तर जवळपास सगळं ब्रेकवर, आणि त्यातलंही मोठं ओझं पुढच्या दोन डिस्कांवर येतं. त्या दोन्ही मिळून दहा-बारा किलोच्या बिडाच्या थाळ्या.

तरीही बिडाची डिस्क अशी पापडासारखी वाकत नाही. पॅडल धडधडतं ते बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहिल्यामुळे. पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कला चिमटीत धरतात. चिमटीतून जाडा भाग जाताना पॅडमागचा पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे सरकतो. पिस्टनमागे ऑइल आहे, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून प्रत्येक धक्का जसाच्या तसा पायापर्यंत पोचतो. हा फरक किती लागतो? १५ ते २० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा साठावा-पन्नासावा हिस्सा. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण पायाला कळतो.

हा फरक येतो दोन वाटांनी. पहिली वाट झिजेची. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, बसवताना किंचित तिरकी बसली, तर फिरताना तिची कड डावी-उजवी डोलते. लेथवाले याला ‘आउट’ म्हणतात, मॅन्युअलमध्ये रनआउट. गंमत अशी की नुसत्या डोलण्याने धडधड होत नाही. पॅड धरणारा कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो, तो डिस्कबरोबर थोडा डोलून घेतो. पण ब्रेक लावलेला नसतानाही डोलणारा भाग प्रत्येक फेरीला पॅडला हलकासा घासून जातो, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. हायवेवर तासभर गाडी चालली की अशा चाळीस-पन्नास हजार फेऱ्या होतात. घासून घासून ठरावीक जागा पातळ होतात. म्हणून नवी डिस्क पहिले काही महिने छान चालते आणि मग धडधडू लागते. तक्रार परत आली ती डिस्क खराब होती म्हणून नव्हे, पहिल्या दिवशी तिरकी बसवली होती म्हणून.

दुसरी वाट चिकटण्याची. ब्रेक चांगला लागतो तेव्हा पॅडच्या मटेरियलचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसलेला असतो आणि पॅड त्या थरावर घासतात. घाट उतरून डिस्क तापलेली असताना चालक पायथ्याच्या टपरीपाशी गाडी उभी करून ब्रेक दाबून बसला, तर पॅडखालच्या त्याच जागी थर जाड बसतो. नंतर ती जागा जास्त घासते, जास्त तापते, पुन्हा जास्त थर धरते. ताप फार वाढून ६५०-७०० अंशांच्या पलीकडे गेला तर बिडाची घडणच त्या ठिकाणी बदलते. सिमेंटाइटचे कडक ठिपके तयार होतात, निळसर-काळे. ते भोवतालच्या लोखंडापेक्षा कमी झिजतात, म्हणून उंच राहतात. असे ठिपके खोलवर गेले असतील तर डिस्क लेथवर मारून उपयोग नाही. वरून सपाट दिसेल, थोड्या दिवसांत ठिपके पुन्हा डोकं वर काढतील.

निदानाची सुरुवात मात्र पान्ह्याने करायची नाही, रस्त्यावर करायची. जळगाव-भुसावळ किंवा धुळे-शिरपूर हायवेवर पहाटे, मागेपुढे कोणी नसताना. आधी ब्रेक न लावता ऐंशी ते शंभरचा वेग धरा. तेव्हाच स्टिअरिंग हलत असेल तर मामला चाकांच्या बॅलन्सिंगचा, वाकलेल्या रिमचा किंवा फुगा आलेल्या टायरचा आहे. ब्रेकवाल्याकडे जाण्याआधी टायरवाल्याकडे जा. फक्त ब्रेकवर थरथरत असेल तर कुठे थरथरतं ते बघा. स्टिअरिंग हलतं म्हणजे बहुधा पुढची चाकं. सीट आणि पॅडल धडधडतं पण स्टिअरिंग शांत आहे, तर संशय मागे जातो. आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबी गाड्यांना मागे अजून ड्रमच आहेत, आणि लंबगोल झालेला ड्रमही पॅडल नाचवतो. खात्री करायची तर मोकळ्या सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो अलगद, थोडाथोडा ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. धडधड आली तर दोषी मागे आहे. पुढच्या नव्या डिस्कांचं बिल तिथल्या तिथे वाचलं. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर मात्र हा प्रयोग करू नका.

आणखी एक गोष्ट मोजण्यासारखी आहे, तीही बसल्या जागेवरून. लहान गाडीचं चाक एका फेरीत साधारण १.९ मीटर अंतर कापतं. ऐंशीच्या वेगात सेकंदाला ११-१२ फेऱ्या, विसाच्या वेगात तीनच. डिस्कची किंवा ड्रमची धडधड या फेऱ्यांशी बांधलेली असते: वेग उतरला की ठोके लांबतात, शेवटी शेवटी ते एकेक मोजता येतात. एबीएसचं तसं नाही. ते चालू झालं की पॅडलला भराभर, खरखरत धक्के बसतात आणि त्यांची गती चाकाच्या फेऱ्यांवर ठरत नाही. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे खडीवर, ओल्या रस्त्यावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल खरखरलं तर तो बिघाड नाही, ते काम करतंय. पण कोरड्या डांबरावर, अगदी थांबता थांबता, पाच-दहाच्या वेगात ते रोज खरखरत असेल, तर चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची रिंग तपासायला सांगा. त्या दुखण्याचा डिस्कशी काही संबंध नाही.

आता गॅरेज. धुळ्यात पारोळा रोडवरच्या एका छोट्या गॅरेजमध्ये मी हे काम जवळून पाहिलं. चाक काढलं, चाकाचे नट वॉशर घालून पुन्हा कसले, म्हणजे डिस्क हबला घट्ट बसली. डायल गेजचा चुंबकी स्टँड सस्पेन्शनच्या बोल्टपाशी चिकटवला, गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून बोटभर आत टेकवलं आणि मिस्त्रीने डिस्क हाताने हळूहळू फिरवली. गेजच्या एका घराला मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. काटा शून्यावरून निघाला, चौदा घरं चढला आणि परत आला. म्हणजे ०.१४. गाडीगणिक मर्यादा वेगळी असते, पण ती ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या आतबाहेर असते, आणि जाणकार मिस्त्री ०.०५ च्या आत आणल्याशिवाय सोडत नाहीत.

त्याने डिस्क काढली. हातोडा मारला नाही. पुष्कळ गाड्यांच्या डिस्कवर दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट कसत गेलं की डिस्क आपोआप हबपासून सुटते. मागे हबच्या तोंडावर गंजाचा तपकिरी पापुद्रा होता, एका बाजूला जाड. तो तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून हबची पांढरी धातू दिसेपर्यंत साफ केला, डिस्कची आतली बाजूही साफ केली आणि ती परत बसवली. काटा सहा घरांवर आला. मग डिस्क काढून एक भोक पुढे सरकवून बसवली. काटा तीनवर आला. सामान एक पैशाचं लागलं नाही. हबचा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांना मारक बसवला की असा फरक पडतो. आणि कितीही सरकवलं तरी काटा हलतच राहिला, तर मग नुसत्या हबवर गेज लावायचा. हब वाकला असेल किंवा बेअरिंगमध्ये खेळ असेल तर त्यावर सोन्याची डिस्क बसवली तरी ती डोलणारच.

हबवरचा तो गंज मे महिन्याचा नसतो, जुलै-ऑगस्टचा असतो. गाडी अंगणात उभी, घरातली माणसं महिना महिना पुण्याला मुलाकडे, पावसात कव्हरखाली दमटपणा. डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा उठतो आणि पहिले काही किलोमीटर गाडी घुर्रघुर्र करते. तो वरवरचा गंज बहुधा ब्रेकनेच साफ होतो. पण हबमागचा आणि कॅलिपरच्या पिनांवरचा गंज आपोआप जात नाही.

दुसरा गुन्हेगार आहे हवेची गन. पंक्चरवाल्याकडे चाक बसवताना नट गनने एका दमात कसतात: एक नट प्रचंड आवळलेला, शेजारचा त्याच्या निम्मा. डिस्क हब आणि रिमच्या मध्ये दाबली जाते, आणि दाब असमान असला की ती तेवढी तिरकी धरली जाते. कुटुंबी गाड्यांच्या नटांना साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. समोरासमोरचे नट आलटून पालटून, शेवटचा दाब टॉर्क पान्ह्याने. ‘साहेब, घट्ट केलंय, सुटणार नाही’ या वाक्याने आजवर किती डिस्का खाल्ल्या असतील कोण जाणे.

जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो. साधं व्हर्नियर कॅलिपर इथे फसवतं, कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेला न घासलेला काठ उरलेला असतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकतात. कडेपासून १०-१५ मिलिमीटर आत, सारख्या अंतरावर आठ ठिकाणी मोजून आकडे खडूने डिस्कवरच लिहायचे. आठही आकडे ०.०१ च्या आत असतील तर डिस्क निर्दोष, दुसरीकडे बघा. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर ‘मिन टीएच’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो. ती कमीत कमी जाडी. त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर मारायची नाही, बदलायचीच.

लेथबद्दल माझं मत जरा कडवट आहे. जळगावच्या एमआयडीसीत काय किंवा धुळ्याच्या अवधानला काय, लेथवर बसलेले कारागीर हुशार आहेत. डाळ मिलचा शाफ्ट, पाइपच्या कारखान्याचा रोलर ते डोळे झाकून सरळ करतील. पण डिस्क चकमध्ये बाहेरच्या अंगाने धरली, तर ती लेथच्या मानाने सरळ होते, हबच्या मानाने नव्हे. तिचं हबवर टेकणारं तोंड संदर्भ धरून, तेच आधी गेजने तपासून मारली तरच अर्थ आहे. हबवर बसल्या जागी डिस्क मारणारं यंत्र असेल तर उत्तमच. नाहीतर जाडी एकसारखी होऊन येते, पण आउट तसाच राहतो, आणि सहा महिन्यांनी आपण परत तिथेच.

झिजेकडेही नीट पाहावं लागतं, कारण धडधड नसतानाही डिस्क विचित्र झिजते. अलॉय व्हीलमधून आपल्याला दिसते ती डिस्कची बाहेरची, चकचकीत बाजू. आतली बाजू कोणी बघत नाही. बहुतेक लहान गाड्यांत पिस्टन आतल्या बाजूला एकच असतो. तो आतला पॅड ढकलतो, आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना जाम झाल्या की हे ओढणं बंद पडतं. आतला पॅड एकटाच राबतो, पार लोखंडापर्यंत जातो आणि डिस्कच्या आतल्या अंगावर नांगरल्यासारखे चर पाडतो. बाहेरून मात्र सगळं झकास, उलट गंजाचे पट्टे दिसतात, कारण तिथे पॅड नीट टेकतच नाही. मोबाइलचा कॅमेरा चाकामागे घालून एक फोटो काढला तर आतलं दिसतं. पॅड काढल्यावर आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवा. बरीच तफावत असेल तर पिना, आणि पॅड एका टोकाला पाचरीसारखा झिजला असेल तरी पिना किंवा पॅड बसतो त्या क्लिपा. डाव्या-उजव्या चाकांत फरक असेल, एक चाक तापून वास मारत असेल, तर पिस्टन अडकलाय किंवा ब्रेकचा रबरी होज आतून फुगलाय.

पिनांना रबरी टोप्या असतात. त्या फाटल्या की धूळ आणि पाणी आत. इथे साधं ग्रीस भरायची पद्धत आहे, ती मोडली पाहिजे. पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं आणि सैल चालणारी पिन आणखी घट्ट होते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस थोडं महाग असतं, पण लागतं बोटभर.

धूळ आणि डिस्क यांचं वैर तर डिस्क ब्रेकच्या जन्माइतकं जुनं आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात घासायला तांबं होतं, आणि त्या काळच्या धुळकट कच्च्या रस्त्यांवर ते इतक्या लवकर झिजायचं की कल्पना बासनात गेली. डिस्क ब्रेक नावारूपाला आले ते १९५३ मध्ये जॅग्वारने ल मांची शर्यत त्यांच्या जोरावर जिंकली तेव्हा. आपल्याकडे धुळे-जळगाव हायवेच्या फागणे ते तरसोद चौपदरीकरणाची रखडलेली वर्षं ज्यांनी त्या रस्त्यावर काढली, त्यांना लँचेस्टरची अडचण वेगळी समजावून सांगायला नको. बेसॉल्टच्या खडीची कच पॅडमध्ये रुतते आणि डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेघा पाडते. अशा रेघा नखाला जेमतेम लागत असतील आणि जाडी शिल्लक असेल, तर त्यापायी डिस्क बदलू नका.

राहिला घाट. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम अजून खरा आहे. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड घ्यायचा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं ही समजूत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट ते चालू राहतं. ब्रेक सतत चोळत राहण्यापेक्षा वेग वाढला की नीट दाबून उतरवायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. पायथ्याशी पोचल्यावर लगेच थांबू नका, दोन-तीन किलोमीटर ब्रेक न लावता चालवा. थांबलात तर सपाट जागी गिअरमध्ये उभी करा आणि चाकाला दगड लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक आवळून ठेवला तर तो आतल्या ब्रेक शूंवरच थंड होतो आणि आकार बिघडतो. आणि प्रवासावरून आल्या आल्या वॉशिंग सेंटरवर गरम चाकांवर गार पाण्याचा झोत मारू देऊ नका.

घाटात पॅडल धडधडण्याऐवजी मऊ होऊन खाली जाऊ लागलं, तर तो वेगळाच आणि जास्त धोक्याचा प्रकार आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर मात्र ती हद्द १४० वर येऊ शकते. ऑइलची वाफ झाली की पॅडलला जोर राहत नाही. अशा वेळी खालचा गिअर टाकून, कडेला घेऊन अर्धा तास थांबणं हाच उपाय, आणि घरी आल्यावर ऑइल बदलणं. ते तसंही दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.

डिस्क बदलायची वेळ खरोखरच आली, तर दोन्ही बाजूंच्या एकदम बदला आणि पॅड नवे घ्या. बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पुन्हा वाढवायचा, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडा अवकाश ठेवून आणि पूर्ण न थांबता, म्हणजे पॅडचा थर एकसारखा बसतो. गॅरेजच्या बिलावर प्रत्येक डिस्कची जाडी आणि बसवल्यानंतरचा आउट हे आकडे लिहून मागा. डायल गेज स्टँडसकट दोन-तीन हजारांत मिळतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्याकडून डिस्क बदलून घेण्याआधी दुसऱ्या गॅरेजचा पत्ता विचारायला हरकत नाही.